योगवर्गाच्या दारातला पेपरवाला



रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाकडे आपल्या समाजात जरा संशयानेच पाहिले जाते. आईबाप म्हणतात, परीक्षा तोंडावर आली आणि हा खुनाची पुस्तके वाचत बसलाय. कार्यकर्ते म्हणतात, चळवळीची पुस्तके कपाटात धूळ खात पडली आहेत, आधी ती वाचा. दोघांचेही अगदीच चुकते असे नाही. पण गिरणगावातल्या आणि रेल्वेच्या चाळींतल्या ज्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचला, त्या पिढीतल्या कित्येकांना वाचनाची चटक तिथेच लागली, हेही तितकेच खरे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजारपासून निघालेला वाचक पुढे बाबूराव बागूल आणि अण्णा भाऊ साठे यांच्यापर्यंत पोहोचला, अशी माणसे आमच्या ओळखीची आहेत.

हे सांगण्याचे कारण असे की, आमच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर वाचनालयात जे वाचक मंडळ बसते, तिथे या वेळी एक इंग्रजी रहस्यकादंबरी येऊन दाखल झाली. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणाऱ्या आमच्या एका तरुण भगिनीने ती आणली. चार रविवार तिने ती मराठीत सांगितली आणि पाचव्या रविवारी प्रत्येकाने आपले मत द्यायचे ठरले. एवढी वेगवेगळी मते आमच्या मंडळात पूर्वी कधी पडली नव्हती. बाया बोलल्या, पोरे बोलली, एरवी मागच्या भिंतीला टेकून झोपणारे काकासुद्धा बोलले. म्हणून या खेपेचे सदर त्या चर्चेलाच देत आहोत.

पुस्तकाचे नाव ‘मर्डर स्ट्राइक्स अ पोझ’. लेखिका ट्रेसी वेबर. प्रकाशन २०१४. लेखिका स्वतः अमेरिकेतल्या सिएटल शहरात योग शिकवीत असे आणि कथाही त्याच शहरात घडते. केट डेव्हिडसन नावाची एक योगशिक्षिका आहे. तिचा छोटासा योगवर्ग आहे आणि तो कसाबसा चालतो. एकटी राहते, मैत्रीण सारखी तिचे कुठेतरी जमवून द्यायच्या मागे लागलेली. अशात तिच्या वर्गाच्या दाराशी जॉर्ज नावाचा बेघर माणूस येऊन ठाण मांडतो. जॉर्जला दारूचे व्यसन आहे. तो रस्त्यावर वर्तमानपत्र विकतो. सोबत बेला नावाची घोड्याएवढी जर्मन शेफर्ड कुत्री. ती भुंकली की योगाला आलेली गिऱ्हाइके दचकतात. केट आधी वैतागते, भांडते, मग हळूहळू तिची त्या दोघांशी मैत्री होते. आणि एके दिवशी जॉर्जचा मृतदेह तिलाच सापडतो. सगळे म्हणतात, अमली पदार्थांच्या देवघेवीत वाजले असेल, मेला. एकट्या केटला ते पटत नाही. ती खुन्याच्या शोधाला लागते आणि त्याच वेळी कोणालाही नको असलेल्या बेलासाठी घर शोधू लागते. शेवट आम्ही सांगणार नाही. रहस्यकथेच्या वाचकाचा तेवढा हक्क आम्ही मानतो.

या जातीच्या कथांना तिकडे ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. कोझी म्हणजे उबदार, पांघरुणात बसल्यासारखे. त्यात खून असतो, पण रक्ताची वर्णने नसतात. तपास करणारी व्यक्ती पोलीस नसते. बहुधा एखादी साधी बाई असते. जागा लहान असते, सगळे एकमेकांना ओळखतात, एखादे मांजर नाही तर कुत्रे असते आणि शेवटी न्याय होतो. अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल या म्हाताऱ्या बाई १९३० सालच्या कादंबरीतून पुढे आल्या, त्यांच्याच या सगळ्या नाती-पणती म्हणायला हरकत नाही. कोणी बेकरीवाली, कोणी ग्रंथपाल, तशी ही योगशिक्षिका. वेबरबाईंच्या मालिकेचे नाव ‘डाऊनवर्ड डॉग मिस्टरी’. डाऊनवर्ड डॉग म्हणजे आपले अधोमुख श्वानासन. आसनात श्वान आहे आणि गोष्टीतही श्वान आहे, असा तो विनोद. पहिल्याच पुस्तकाला अगाथा पुरस्कारासाठी ‘पहिली सर्वोत्कृष्ट कादंबरी’ या विभागात नामांकन मिळाले होते.

आता मते.

पहिले मत महिलांचे. त्यांना केट आवडली. कारण ती देवी नाही. योगशिक्षिका असून तिला राग येतो, ती फटकन बोलून जाते, भाडे आणि गिऱ्हाईक यांचा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो. शिवणकाम करून तीन मुले शिकविणाऱ्या एका ताई म्हणाल्या, ‘सात समुद्रापलीकडेसुद्धा एकट्या बाईच्या मागे स्थळ पाहणारे लागतातच की!’ सगळे हसले. दुसऱ्या ताईंचे म्हणणे असे की, तपास करणारी बाई घरातली दाखवली ते योग्यच, कारण वस्तीत कोणाच्या घरी काय चालले आहे हे बायांइतके कोणाला ठाऊक असते? पाण्याच्या नळावर जे कळते ते ठाण्यात कळत नाही.

याच्या उलट मत तरुण मुलांचे. त्यांना केटचा वैताग वैतागवाणा वाटला. इतकी चिडकी बाई दुसऱ्याला शांती काय शिकविणार, असा त्यांचा प्रश्न. शिवाय पोलिसांना जे सुचत नाही ते हिला सुचते, हेही त्यांना पटले नाही. आम्हाला वाटते, पहिल्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीनेच दिले आहे. आसन घालता येणे वेगळे आणि मन ताब्यात असणे वेगळे. पाय डोक्यामागे नेणारा माणूस दयाळू असेलच असे नाही. दुसरा आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. कोझी मिस्टरीत योगायोग पुष्कळ असतात आणि पोलीस सोयीपुरते मंद असतात. या प्रकारच्या गोष्टींची ती रीतच आहे.

तिसरा वाद योगावरच झाला आणि तो चांगलाच रंगला. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ उपासक म्हणाले की, योग हा विषयच आपल्या वाचनालयात कशाला? २१ जून हा दिवस २०१५ पासून आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो, त्या दिवशी शाळेतल्या आपल्या मुलांना मंत्र म्हणायला लावतात, ते आपल्याला चालते का? त्यांचा राग आम्हाला समजतो. कोणाच्याही मुलाला त्याच्या धम्माविरुद्ध मंत्र म्हणायला लावणे चूकच आहे आणि तसे घडले तर पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी कळविले पाहिजे.

पण योग म्हणजे एकाच धर्माची मिरास, हे मात्र इतिहासाला धरून नाही. तथागतांनी गृहत्याग केल्यावर आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यानमार्गाचे शिक्षण घेतले, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सविस्तर सांगितले आहे. पुढे देह झिजविण्याची तपश्चर्या त्यांनी करून पाहिली आणि ती निरर्थक म्हणून सोडली. शरीराला छळायचे नाही आणि लाडवायचेही नाही, हा मध्यम मार्ग तिथूनच निघाला. अलीकडच्या काळात जेम्स मॅलिन्सन या संशोधकाने दाखवून दिले आहे की, हठयोगाच्या क्रिया शिकविणाऱ्या उपलब्ध ग्रंथांपैकी सर्वांत जुना ‘अमृतसिद्धी’ हा ग्रंथ अकराव्या शतकातला असून तो वज्रयानी बौद्ध परंपरेत तयार झाला. म्हणजे योग ‘त्यांचा’ म्हणून सोडून द्यायचा की आपल्याही पूर्वजांचे त्यात देणे आहे म्हणून तपासून घ्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. कालामांना तथागतांनी सांगितले तेच इथे लागू आहे. परंपरा आहे म्हणून घेऊ नका, गुरू सांगतो म्हणून घेऊ नका, हिताचे आहे असे स्वतः पारखून घ्या. कंबर दुखत असेल आणि आसनाने बरे वाटत असेल, तर ते करा. त्यासोबत येणारे कर्मकांड नको असेल, तर ते बाजूला ठेवा.

अमेरिकेपर्यंत योग कसा गेला, हेही आमच्या त्या भगिनीने सांगितले. म्हैसूरच्या राजवाड्यात शिकविणाऱ्या टी. कृष्णमाचार्य यांच्या शिष्या इंद्रादेवी यांनी हॉलिवूडमध्ये योगवर्ग उघडला. त्यांचेच दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. त्यांचे ‘लाइट ऑन योगा’ हे पुस्तक १९६६ साली निघाले आणि जगभर गेले. लहानपणी आजारांनी खंगलेला हा मुलगा आसनांनी उभा राहिला, ही गोष्ट मुलांनी ऐकण्यासारखी आहे. आमच्या लोणावळ्यात कैवल्यधाम १९२४ पासून आहे. तेव्हा केटच्या योगवर्गात जे चालते, त्याच्या मुळाशी आपल्या महाराष्ट्रातलीही थोडी माती आहे.

एक गंमत पाहा. कादंबरीच्या मलपृष्ठावर म्हटले आहे की, केट ही योगाच्या ‘झेन’सारख्या अपेक्षांना उतरायचा प्रयत्न करते. झेन हा शब्द मुळात आपला. पालीतले ‘झान’, संस्कृतातले ‘ध्यान’, चीनमध्ये गेल्यावर ‘चान’ झाले आणि जपानमध्ये ‘झेन’. बुद्धाचा शब्द जगभर फिरून योगवर्गाच्या जाहिरातीत येऊन बसला आणि तिथे त्याच्या घराण्याची आठवण कोणालाच राहिली नाही! या मालिकेतल्या २०१६ सालच्या पुस्तकाचे नाव ‘कर्माज अ किलर’ असे आहे. तिकडे ‘कर्म’ हा थट्टेचा शब्द झाला आहे. आपल्याकडे मात्र याच शब्दाने पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले की, तुमचे दारिद्र्य ही तुमच्या मागच्या जन्मीची कमाई आहे. बौद्ध कम्म सिद्धान्त आणि हा जन्मोजन्मीचा कर्मवाद एक नव्हेत, हे बाबासाहेबांनी बजावून सांगितले आहे. पुस्तक वाचताना असे शब्द आले की तिथे जरा थांबावे, म्हणून हा उल्लेख.

शब्द आणि आसने परदेशी गेली, तशी जातही गेली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी हा धोका नोंदवून ठेवला होता. ज्या सिएटल शहरात केटचा योगवर्ग आहे, त्याच सिएटलच्या नगर परिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा ठराव सहा विरुद्ध एक मतांनी कायदा म्हणून मंजूर केला. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईचे. तिथल्या आंबेडकरी संघटनांनी त्यासाठी थंडीत उभे राहून साक्षी दिल्या. कादंबरी त्याच्या नऊ वर्षे आधीची आहे, तेव्हा तिच्यात हे नाही. पण आता ते शहर नकाशावर दिसले की आपल्याला दोन गोष्टी आठवाव्यात, एवढेच आम्ही मुलांना सांगितले.

चौथे मत बेला कुत्रीविषयी होते आणि ते कडवट होते. बेलाला पचनाचा आजार आहे. तिच्या स्वादुपिंडात पाचकरस तयार होत नाही, म्हणून प्रत्येक जेवणात औषधी भुकटी मिसळून द्यावी लागते. लेखिकेच्या स्वतःच्या कुत्रीला हाच आजार होता, त्यामुळे ही वर्णने तपशिलात उतरली आहेत. आमच्यातला एक तरुण म्हणाला, ‘कुत्रीला औषध मिळते, माणूस मात्र फुटपाथवर झोपतो. आपल्याकडेही चवदार तळ्यावर जनावरांना पाणी होते, माणसांना नव्हते. फरक काय?’

प्रश्न टोकदार आहे. २० मार्च १९२७ चे महाड आठवणाऱ्या समाजाला तो पडणारच. तरीही एक ताई त्याला म्हणाल्या, ‘अरे, पण त्या जॉर्जने स्वतः उपाशी राहूनही कुत्रीला सांभाळली असेल. त्याला कोणी माणूस म्हणत नव्हते तेव्हा ती एकटी त्याच्या पायाशी बसत होती.’ आम्हाला ताईंचे म्हणणे जास्त पटते. दया ही मोजूनमापून वाटायची शिधापत्रिका नव्हे. कुत्रीवर केली म्हणून माणसासाठी कमी पडत नाही. केटचेच पाहा ना, कुत्रीसाठी घर शोधता शोधता ती जॉर्जच्या मारेकऱ्यापर्यंत जाते.

जॉर्जच्या हातातल्या वर्तमानपत्राविषयीही बोलणे झाले. बेघर माणसांनी विकायचे वर्तमानपत्र ही कल्पना कादंबरीतली नाही, खरीच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली ‘स्ट्रीट न्यूज’ निघाले, लंडनमध्ये १९९१ साली ‘बिग इश्यू’ आणि सिएटलमध्ये १९९४ साली ‘रिअल चेंज’. विक्रेता स्वतः कमी दराने अंक विकत घेतो, छापील किमतीला विकतो आणि मधला फरक ही त्याची कमाई. भीक नाही, धंदा. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी. ते अंक खांद्यावर टाकून वस्त्यांतून फिरणारी माणसे आपल्या घरांत होऊन गेली. ज्यांना मोठ्या पत्रांत जागा नसते, त्यांना आपले पत्र काढावे लागते आणि ते विकायलाही स्वतःच उभे राहावे लागते. म्हणून जॉर्ज आम्हाला परका वाटला नाही.

आता ज्या मतामुळे हे सदर लिहिण्याची वेळ आली, त्या मताकडे येतो.

भिंतीला टेकून बसणारे आमचे काका म्हणाले, ‘दारुडा मेला. त्यात रहस्य ते काय? पंचशीलातले पाचवे शील पाळले असते तर मेला नसता.’ एकदोघांनी माना डोलावल्या. वस्तीत दारूने काय केले हे ज्याने पाहिले आहे, त्याला असे वाटणे साहजिक आहे.

तेव्हा आजपर्यंत मंडळात कधीही न बोललेल्या एक भगिनी बोलल्या. त्यांचा धाकटा भाऊ कंत्राटदाराकडे मालाच्या चढउतारीचे काम करीत होता. दारू पीत होता, हे त्यांनीच आधी सांगितले. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तो हमरस्त्याच्या कडेला मेलेला सापडला. कागदावर आले, दारूच्या नशेत पडून मृत्यू. त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी त्याचा पगार होता. तीन आठवड्यांचा. खिशात काहीच नव्हते. पगार झाला होता का, कोणासमोर झाला, तो कोणाबरोबर निघाला, हे कोणी कोणाला विचारले नाही. पोलिसांनी नाही विचारले ते सोडा. आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही विचारले. आम्हाला लाज वाटली. दारू पिऊन मेला म्हणून लवकर उरकून टाकले. त्या पुस्तकातली बाई तर त्याची कोणीच नव्हती, तरी तिने विचारले.’

वाचनालयात कोणी काही बोलेना. काकांनी चष्मा काढून पुसला आणि ‘बाई, माझे बोलणे मागे घेतो’ एवढेच म्हणाले.

बंधू-भगिनींनो, पाचवे शील आपण स्वतः पाळायचे असते. मेलेल्या माणसाची किंमत ठरविण्यासाठी ते दिलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा आहे आणि प्राणिमात्रांवर दया करीन हीसुद्धा आहे. एक पाळताना दुसरी मोडता येत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत जे पाच यम सांगितले आहेत, त्यांतले अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य हे चार आपल्या शिलांना जवळचे आहेत. पाचवा मात्र वेगळा आहे. तिथे अपरिग्रह, म्हणजे साठा न करणे. इथे मद्यापासून दूर राहणे. गरिबाच्या घरात साठवायला काही नसते, पण दारू मात्र दारापर्यंत येते. कष्टकऱ्याचे घर कशाने मोडते ते तथागतांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी हे शील घातले, असे आम्हाला वाटते. ते करुणेपोटी दिले आहे. त्याचा लाजेसाठी वापर झाला की चौकशी करणारी तोंडे बंद होतात आणि ज्याला ती बंद व्हायला हवी असतात, त्याचे फावते.

निवृत्त शिक्षक असलेल्या आमच्या एका सभासदांनी त्या दिवशी एक वाक्य सांगितले, ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. ते म्हणाले, ‘आपल्या साहित्यात रहस्यकथा कमी का, असे मुले विचारतात. खुनी कोण, हे आपल्याकडे गावाला आधीच ठाऊक असते. रहस्य असते ते एवढेच की साक्षीदार कसा फिरला.’ २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी ज्यांनी पाहिले-ऐकले, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. त्या प्रकरणातही आधी मेलेल्यांच्या चारित्र्यावरच बोलले गेले होते.

आम्ही वीस-बावीस वर्षे कारकुनी करतो. कागदाला उत्तर कागदानेच द्यावे लागते, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. म्हणून कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर काय करावे, ते थोडक्यात देतो.

‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद झाली म्हणजे तपास संपला असे नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवून जागेवर जायचे असते आणि परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा करायचा असतो. अंगावरच्या जखमा, खुणा त्यात लिहायच्या असतात. त्या वेळी घरातले एखादे शहाणे माणूस तिथे उभे राहू द्या. रडणारी माणसे वेगळी आणि कागद वाचणारे माणूस वेगळे ठेवा.

न वाचता सही करू नका. संशय असेल तर तो जबाबात लिहून घ्यायला सांगा. खिशात काय होते, अंगावर काय होते, कोणाबरोबर शेवटचे पाहिले, पगार कधी होता, हे सगळे लिहून द्या. शवविच्छेदन अहवालाच्या प्रतीसाठी लेखी अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या.

गुन्हा घडला असे वाटत असेल तर कलम १७३ खाली खबर द्या. तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे. ठाण्यात घेतली नाही, तर तीच खबर लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मृत व्यक्ती अनुसूचित जातीची आणि संशयित त्याबाहेरचा असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा उल्लेख करायला विसरू नका. त्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, हे १९९५ च्या नियमांत आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, लाजू नका. मेलेला माणूस दारू पीत होता, कर्जात होता, घरी भांडून गेला होता, हे कोणी तोंडावर फेकले तर सांगा की, हो, होता. पण तो कसा मेला ते आम्हाला कळले पाहिजे.

कादंबरीविषयी आमचे स्वतःचे मत विचाराल तर पुस्तक हलके आहे आणि हलकेच असायला हवे होते. दमून आल्यावर दोन तास बरे जातात. जॉर्जच्या जगण्याला त्यात फार पाने मिळालेली नाहीत, तो मेल्यावरच गोष्ट धावू लागते, ही उणीव आम्हाला जाणवली. आपल्या लेखकांनी ही जागा भरून काढली आहे. बाबूराव बागूल यांच्या १९६९ सालच्या कथासंग्रहाचे नावच ‘मरण स्वस्त होत आहे’ असे आहे. पण रस्त्यावरच्या माणसाच्या मरणाचीही चौकशी झाली पाहिजे, एवढी एक गोष्ट ही उबदार कादंबरी ठामपणे धरून ठेवते, आणि आमच्या मंडळातल्या एका बहिणीला ती अकरा वर्षांनी बोलायला लावू शकली. याहून मोठे शिफारसपत्र आमच्याजवळ नाही.

पुढच्या रविवारी मंडळात बागूलांचा हाच संग्रह घेणार आहोत. ज्यांच्या घरी प्रत असेल त्यांनी ती घेऊन यावे. काकांनी मोठ्याने वाचून दाखविण्याचे कबूल केले आहे.

त्या भगिनीने भावाच्या मृत्यूचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रतींसाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आहे. अर्ज आम्ही लिहून दिला. सही तिने केली आणि तो द्यायला गेली तेव्हा काका तिच्यासोबत गेले. पोच मिळाली आहे. उत्तर आले की याच सदरात कळवू.

जयभीम! नमो बुद्धाय!